येईन ना

इंदुमती केळुसकरांना पुन्हा बोलता यायला लागलं, त्या दिवशी त्यांच्या मुलाने, हर्षदने, पुण्याच्या इस्पितळात सगळ्या मजल्याला पेढे वाटले. बोलल्या त्या तोंडाने नव्हे. पलंगाशेजारच्या लॅपटॉपमधून एक मंजुळ बाई म्हणाली, "मला आता बरं वाटतंय." हर्षदचे डोळे भरून आले. त्याची बायको शलाका मात्र जरा चमकली. लग्नाला आठ वर्षं होऊन गेली होती, पण सासूबाईंकडून इतकं गोड वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं.

इंदुमतीबाईंची देवगडला एसटी स्टँडच्या मागे खानावळ होती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्यांनी ती एकटीने चालवली. मासळीवाल्याशी भाव करताना त्यांचा आवाज स्टँडवर ऐकू जाई. शिळा बांगडा आणणाऱ्याला त्या पायरीवरूनच परत पाठवत. शलाका संगमनेरची, पुण्यात वाढलेली. मालवणी तिला निम्मीच कळे, आणि जेवढी कळे तेवढ्यात आपल्याला बोलणी बसतायत हे नक्की समजे. दोघींमध्ये भांडण असं कधी झालं नाही. शलाका सणावारी जाई, चार दिवस राही, परत येई.

मग एका सकाळी चुलीपुढेच इंदुमतीबाई कोसळल्या. मेंदूच्या देठाशी रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण मानेखालचं अंग लुळं पडलं, मानही नीट वळेना आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्यांची बुद्धी शाबूत आहे, भाषाही शाबूत आहे. बोलणं म्हणजे शेवटी ओठ, जीभ आणि घसा यांना मेंदूने दिलेले हुकूम. हुकूम अजून निघत होते, फक्त वाट तुटल्यामुळे पोचत नव्हते.

त्यावर उपाय दोन-तीन वर्षांपूर्वीच निघाला होता. पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पातळ जाळी कवटीखाली, हे हुकूम निघतात त्या जागेवर ठेवायची. जाळी ते टिपते, कानामागची छोटी डबी ते बिनतारी पाठवते आणि लॅपटॉप त्यांचा अर्थ लावतो. लॅपटॉपची कामं दोन. आधी, हा हुकूम कुठल्या ध्वनीचा आहे ते ओळखायचं. मग त्या ध्वनींचे शब्द जुळवायचे. पहिलं काम कधीच शंभर टक्के अचूक होत नाही, म्हणून दुसऱ्या कामात अंदाज चालतो. मराठीची लाखो वाक्यं वाचून तयार झालेली ती यंत्रणा ठरवते की इथे कुठला शब्द असण्याचा संभव जास्त आहे, आणि तो बोलून टाकते. ती कधी अडखळत नसे. इस्पितळाला तिचा तोच गुण आवडला होता.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. या आजारात रडू उगाच येतं, त्याचा मनाशी संबंध नसतो, घरच्यांनी घाबरून जाऊ नये.

चार महिन्यांनी हर्षदने आईला विचारलं की ती कायमची पुण्याला राहायला येईल का. इस्पितळ जवळ, व्यायाम करून घेणारी बाई रोज घरी येईल, आणि तो आणि शलाका समोरच असतील. मंजुळ बाई म्हणाली, "येईन ना." इंदुमतीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हर्षदने ते पुसलं.

दिवाळी झाल्यावर तिघं देवगडला आले ते घर आवरायला. खानावळीची जागा एका कॉफीच्या दुकानवाल्याला द्यायची ठरली होती. शलाका एका विमा कंपनीचे सर्व्हर सांभाळत असे. ते काम तिला कुठूनही करता येई, म्हणून आवराआवरीची जबाबदारी तिने घेतली. एका दुपारी ती खानावळीतली मोठाली पितळी पातेली माळ्यावरून काढत होती. इंदुमतीबाईंची चाकांची खुर्ची दारात होती.

"आई, ही आता द्यायची ना कुणाला तरी?" तिने विचारलं.

"द्यायची ना," लॅपटॉप म्हणाला.

शलाकाचं तेव्हा सहज वर लक्ष गेलं. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. इतके घट्ट की कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

शलाका पातेलं खाली ठेवून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. जाळी बसवण्याआधी, इस्पितळातल्या त्या पहिल्या दिवसांत, त्यांच्यात एक खूण ठरलेली होती. वर बघितलं तर हो, डोळे मिटले तर नाही. मशीन आलं आणि ती खूण सगळे विसरले. त्यानंतर कुणीही आईंकडे बघून बोलत नव्हतं, सगळे लॅपटॉपकडे बघत होते. शलाकाने लॅपटॉपची घडी मिटली आणि शांतपणे विचारलं, पातेली द्यायची आहेत का. डोळे मिटले. मशीन बोलतं ते तुमच्या मनातलं असतं का. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग तिने विचारलं, पुण्याला यायचंय का. इंदुमतीबाईंनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

काय झालं होतं ते तिच्या हळूहळू ध्यानात आलं. आई मालवणीत 'देवची नाय' म्हणत होत्या, म्हणजे द्यायची नाहीत. मालवणी त्या यंत्रणेने कधी वाचलीच नव्हती. ध्वनींच्या जवळपास जाणारं प्रमाण मराठीतलं वाक्य ती शोधत होती, आणि ते होतं 'द्यायची ना'. 'मी येवचंय नाय', म्हणजे मी येणार नाही, याचं 'येईन ना' असंच झालं होतं. जन्मभर जे 'नाय' ऐकून मासळीवाले पायरी उतरत, त्या 'नाय'चा इतके महिने होकार होत होता.

हर्षदने हे मानलं नाही. तो म्हणाला की पापण्यांवरून काही ठरवता येत नाही, आईला झोप आली असेल. शिवाय ती स्वतः 'येईन' म्हणाली ते त्याने कानांनी ऐकलंय. शलाकाने उत्पादकांना फोन लावला. त्यांनी सौजन्याने सांगितलं की यंत्रणा मराठीसाठी प्रमाणित आहे, बोलींचा सध्या विचार नाही, आणि तिच्यात बदल केला किंवा ती काढली तर इस्पितळाची देखभाल बंद होईल.

शोधता शोधता शलाकाला 'बोलीघर' नावाचा एक गट सापडला. कोकणातल्या काही मंडळींनी अशाच जाळ्यांसाठी एक वेगळी यंत्रणा लिहायला घेतली होती. नेहल परब नावाची मुलगी तिथलं काम बघायची. तिने आधीच सांगून टाकलं की त्यांची यंत्रणा सावकाश चालते, खूप चुकते, पण एक गोष्ट करत नाही. कळलं नाही तर ती अंदाजाने शब्द घालत नाही, नुसती टिक वाजवते आणि जागा मोकळी सोडते. शिवाय बाईंचा जुना आवाज मिळाला तर त्याच आवाजात बोलते.

पहिली यंत्रणा काढायची नव्हती. उद्या दुसरी चाललीच नाही तर आईंना मुकं करून ठेवल्यासारखं झालं असतं. म्हणून शलाकाने दोन्ही ठेवायचं ठरवलं. एका लॅपटॉपवर दोन यंत्रणा सुखाने नांदू शकतात, अट एवढीच की एका वेळी एकीनेच जागं राहायचं. डिस्कचे भाग पाडून दोघींना वेगळ्या खोल्या द्यायच्या, आणि दारात एक छोटा कार्यक्रम बसवायचा. लॅपटॉप सुरू झाला की तो दोन ओळी दाखवतो आणि विचारतो, आज कोण? हे काम शलाकाने नोकरीत कितीदा तरी केलं होतं. पण त्या डिस्कवर कुणाची वाचा नव्हती. लॅपटॉपची बॅटरी सतत चार्जरवर राहून निकामी झाली होती. पहिलीची खोली लहान करताना मध्येच वीज गेली तर होती तीही जाणार होती, आणि पुन्हा जुळवणी म्हणजे इस्पितळात आणखी काही महिने.

तिने हे सगळं इंदुमतीबाईंना सांगितलं, धोक्यासकट. वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांनी वर बघितलं.

हर्षद मात्र चिडला. "तिच्या आवाजाशी खेळतेयस तू," तो म्हणाला.

"तो आईंचा आवाज नाहीये, हर्षद."

तो उठून समुद्राकडे निघून गेला. त्याने अडवलं नाही, पण मदतही केली नाही.

शलाकाने सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. लॅपटॉप खानावळीतल्या मासळीच्या फ्रीझरच्या इन्व्हर्टरला जोडला. फ्रीझर तसाही रिकामाच होता. पहिली यंत्रणा बंद केली तरी खरी बंद होत नसे, डुलकी काढत असे आणि डिस्कचा आपला भाग घट्ट धरून ठेवत असे. ती सवय आधी मोडावी लागली. मग पहिलीचा भाग आकसायला सुरुवात झाली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. इंदुमतीबाई खुर्चीत बसून तिच्याकडेच बघत होत्या. निम्म्यावर वीज गेलीच. पंखा थांबला, इन्व्हर्टर गुरगुरला आणि पट्टी सरकत राहिली. दुपारपर्यंत दारात दोन ओळी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने नेमाप्रमाणे पहिली यंत्रणा सुरू केली, आणि भर जेवणाच्या वेळेला मंजुळ बाई म्हणाली, "सुप्रभात. रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ झाली." सकाळची गोळी राहून गेली होती. सगळे त्या आठवणीवरच विसंबून होते. घरातल्या यंत्राने रक्तदाब मोजला तर बराच चढला होता. हर्षदने डॉक्टरांना फोन केला, गोळी दिली आणि संध्याकाळपर्यंत आईचा हात धरून बसला. शलाकाशी तो बोललाच नाही.

चूक क्षुल्लक होती आणि तिचीच होती. लॅपटॉपच्या पोटात एकच घड्याळ असतं. पहिली यंत्रणा ते भारतीय वेळेवर चालतं असं धरत होती, दुसरीने आल्या आल्या ते ग्रीनिचच्या वेळेला लावून टाकलं होतं, आणि दोघींत साडेपाच तासांचं अंतर पडलं होतं. एका ओळीत ते दुरुस्त झालं. तरी शलाकाचा धीर खचला. कालच्या आनंदात तिने घड्याळाकडे बघितलंही नव्हतं. तिने इंदुमतीबाईंपुढे बसून विचारलं, की थांबवू का हे सगळं, होतं तसं करू का. त्यांनी डोळे मिटले.

आता दुसरीला शिकवायचं होतं. नेहलने पद्धत सांगितली. बाईंच्या जुन्या आवाजातलं एकेक वाक्य वाजवायचं, त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा म्हणायचं, आणि त्या वेळी जाळीतून येणारे हुकूम त्या वाक्याशी जोडून ठेवायचे. अशी हजारभर वाक्यं लागतील. खानावळीतून इंदुमतीबाई व्हॉइस मेसेज पाठवत असत, आणि ते सगळे शलाकाच्या फोनमध्ये होते. बहुतेक तिने पुरते ऐकले नव्हते.

त्यामुळे रोज सकाळी शलाका सासूचा एक जुना ओरडा वाजवी, आणि सासू तो मनात पुन्हा ओरडे. "फोन उचलूक काय हात मोडलो तुझो?" पुन्हा. "तुका कितीदा सांगलंय, तिरफळा ठेचूची नाय." पुन्हा. काही मेसेज नुसतेच कजाग होते, त्यात मायाबिया काही नव्हती. काहींत स्टँडच्या गोंगाटापलीकडे काय म्हटलंय तेच कळत नसे. एकात त्या आंब्याची पेटी पाठवल्याचं सांगून मग बराच वेळ पेटी बांधणाऱ्याला शिव्या देत होत्या, फोन चालू राहिलाय हे विसरून. तो वाजला तेव्हा इंदुमतीबाईंच्या घशातून एक बारीक खरखर निघाली. शलाका दचकली, आणि मग तिला कळलं की त्या हसतायत.

प्रत्येक वाक्य लिहूनही काढावं लागे, आणि तिथे शलाकाची गाडी अडे. एका सकाळी ती एकच शब्द चार वेळा वाजवत होती. शेजारच्या खोलीतून हर्षदचा आवाज आला, "'खंय' आहे ते. कुठे. 'खंय मेल्लंस' म्हणतेय ती."

शलाकाने तसं लिहिलं आणि पुढचं वाजवलं. तेही तिला येईना. थोड्या वेळाने हर्षद दारात येऊन उभा राहिला, मग खुर्ची ओढून बसला. पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याने मालवणी टाकली होती. आई मालवणीत बोले, तो मराठीत उत्तर देई. आता त्याने एकेक शब्द शलाकाला सांगायला घेतला. सांगताना ते तोंडाने म्हणावे लागत. दुपारपर्यंत त्याचा सूर बदलला होता. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तो मान वर करायचं टाळत होता.

कॉफीवाला किल्ल्या न्यायला येणार होता त्याच्या आदल्या दिवशी सकाळी नेहलने फोनवरून कळवलं की आता चालवून बघायला हरकत नाही. शलाकाने लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि दुसरी ओळ निवडली. हर्षद आईच्या पुढ्यात बसला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग टिक वाजली, पुन्हा एक टिक, आणि खानावळीत तो आवाज उमटला. थोडा घोगरा, चिरका, स्टँडवर ऐकू जाणारा.

"मी... येवचंय नाय."

हर्षदने खुर्ची आणखी जवळ ओढली.

"पुण्याक," आवाज म्हणाला. टिक. "माका हयच रवाचा आसा."

हर्षदने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आधी का सांगितलं नाहीस, हे त्याने विचारलं ते मालवणीत. "मगे आदी कित्याक सांगूक नाय?"

या वेळी टिक वाजली नाही.

"रोज सांगतंय."

हर्षद तिच्या मांडीवर डोकं टेकून रडला. शलाका पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि पाणी न घेताच उभी राहिली.

एका वाक्याने सगळं सुटलं असं नाही. देवगडला राहायचं म्हणजे व्यायाम कोण करून घेणार, रात्रीअपरात्री काही झालं तर काय, यावर आठवडाभर वाद झाले, आणि आता त्या वादात इंदुमतीबाईही होत्या. दर तीन महिन्यांनी तपासणीला पुण्याला यायचं त्यांनी कबूल केलं. हर्षदने कंपनीकडून निम्मा महिना गावाहून काम करायची परवानगी काढली. कणकवलीची एक मुलगी व्यायामासाठी यायला तयार झाली.

त्याआधी, त्याच दुपारी, कॉफीवाल्याला फोनवरून नकार द्यायचं काम इंदुमतीबाईंनी स्वतःकडे घेतलं आणि त्यासाठी पहिली यंत्रणा लावायला सांगितली. शलाका साशंक होती. पण इतक्या दिवसांत त्यांनी एक गोष्ट हेरली होती, की मशीनला कळेल अशी शाळेतली मराठी मुद्दाम मनात आणली तर ते बरोबर बोलतं. सातवीपर्यंत शिकलेलं सगळं त्यांनी पणाला लावलं. "जागा देणार नाही," मंजुळ बाई म्हणाली. "तुमची गैरसोय झाली, याबद्दल वाईट वाटतं." शलाकाने डोळ्यांकडे बघून खात्री केली. पलीकडे तो गृहस्थ इतका विरघळला की त्यानेच दोनदा माफी मागितली.

खानावळ पुन्हा उघडली, आठवड्यातून तीन दिवस, फक्त दुपारची. चुलीपुढे सगुणाबाई, त्यांची जुनी मदतनीस, आणि गल्ल्याशेजारच्या खुर्चीत इंदुमतीबाई. मासळीवाला पहिल्या दिवशी सहानुभूतीने आला आणि भाव ऐकून पूर्वीसारखाच कपाळाला हात लावून गेला.

शलाकाची पुण्याला परत जायची वेळ आली. सकाळच्या गाडीचं तिकीट होतं. नेहमीसारखा तिने लॅपटॉप सुरू केला, दारातल्या दोन ओळी आल्या आणि ती सवयीने दुसरीकडे वळली. इंदुमतीबाईंनी डोळे मिटले. शलाकाने पहिलीवर बोट नेलं. त्यांनी वर बघितलं.

कुणा साहेबाशी बोलायचं असेल, असं तिला वाटलं. पण मंजुळ बाई सावकाश, एकेक शब्द सुटा करत तिच्याशीच बोलायला लागली.

"शलाका, आमच्यात सुनेचे आभार मानायची रीत नाही. मालवणीत ते माझ्या जिभेवर येत नाही. म्हणून ही भाषा लावली. मी तुझी आभारी आहे."

शलाकाने त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. "आई, हे तुम्हीच म्हणालात?" तिने विचारलं.

इंदुमतीबाईंनी वर बघितलं. मग पाणावलेल्या डोळ्यांनी त्या लॅपटॉपकडे बघायला लागल्या, 'आता दुसरी लाव' म्हणत असल्यासारख्या. शलाकाने तो बंद करून पुन्हा सुरू केला. दुसरी यंत्रणा जागी व्हायला वेळ घेते. तेवढ्यात आतून सगुणाबाईंनी नारळ फोडल्याचा आवाज आला. स्टँडवर कुठलीशी गाडी आवाज करत वळली.

"गाडी चुकतली गो तुझी," तो चिरका आवाज म्हणाला.

"जावंदे," शलाका म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून त्यांच्याजवळ बसली.